माइक चालूच होता

तेरा तासांचं चित्रण, त्यातले नऊ तास स्वयंपाकघर.
बाबा खुर्चीत, मागे भिंतीवर चौकटीतलं वचन,
आई घड्याळातली बॅटरी काढते आहे,
कारण मीच म्हटलं होतं, टिकटिक येते आवाजात.
ती परत घालायची राहूनच गेली.

क्लाक्सविकला डिसेंबरात उजेड येतो
पाहुण्यासारखा, कोट न काढता,
आणि चहा व्हायच्या आत उठतो.

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं?
बाबा बटाटा सोलत होते. एकसंध साल काढतात ते,
चाळीस वर्षं ट्रॉलरवर सुरी चालवलेला माणूस.
म्हणाले, काय?
कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो,
पाठांतर विसरलेल्या मुलीचा:
माझ्याबद्दल.
साल तुटली.

कोपनहेगनला संकलनाच्या टेबलावर
ती साल मी एकोणीस वेळा तुटताना पाहिली.

याच हातांनी पंधराव्या वर्षी मला
सभागृहातल्या हौदात बुडवून वर काढलं होतं.
कानांत पाणी गेलेलं. सगळे गात होते
आणि मला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं.
टॉवेल घेऊन पुढे आली ती बिर्ता.
देव आणि बिर्ता, दोघंही मला
एकाच थंडीत कळले.
हे मी चित्रपटात सांगितलंय. आई तेवढ्यात उठून
भांडी घासायला गेली, घासलेलीच.

पण मला सांगायचंय ते चित्रपटात नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा मेंढ्यांना चारा घालायला गेले,
स्वेटरवर माइक तसाच.
मी वरच्या खोलीत, कानांवर हेडफोन.
आधी बूट. मग कोयंडा. मग गवताची पेंढी सुटल्याचा आवाज.
मग: ग्युलिसार.
थांबले.
ग्युलि... सार.
तिच्या नावातला तो झ आमच्या भाषेत नाहीच,
दातांमागे माशी धरून ठेवावी तसा धरावा लागतो.
सात वेळा. मध्ये एक मेंढी खोकली,
तर तिला म्हणाले, थांब जरा.
आठव्यांदा आलं: ग्युलिझार.
मला अजून इतकं स्वच्छ जमत नाही.

मी तोंडावर हात दाबून बसले.
मग त्यांनी गुडघे टेकले असावेत, गवत चुरचुरलं.
प्रभू, ग्युलिझार नावाची एक बाई आहे.
तिला माझ्या सुन्वापासून दूर ने.
इजा करू नकोस तिला. पण दूर ने.

नाव चुकलं असतं तर प्रार्थना
भलत्याच दारी गेली असती.
त्यासाठी तो सराव.

टॉर्किल म्हणाला, आठव्या वेळेवर काप आणि काळोख कर.
लोक रडतील.
खोटं काहीच दाखवत नाही आपण,
पुढचं फक्त दाखवत नाही.
कागद होते माझ्याकडे. बाबांनी सगळ्यांवर सही केली होती,
वाचता वाचता चष्मा पुसत.
पण मेंढ्यांशी बोलताना
कुणी सही करून बोलत नाही.

दोन्ही तुकडे मी वगळले. टॉर्किल आठवडाभर बोलला नाही.

एका रात्री ग्युलिझारला ऐकवले.
वाटलं होतं, पहिल्यावर हसेल, दुसऱ्यावर चिडेल.
तिने गुडघे पोटाशी घेतले,
हेडफोन एका हाताने कानावर घट्ट धरला,
आणि शेवटापर्यंत हलली नाही.

मग म्हणाली, सहा वर्षं झाली,
माझ्या बापाने हे नाव तोंडातून काढलेलं नाही.
देवापुढेही काढत असेल असं वाटत नाही.

चहा गार झाला होता. तिने तो तसाच प्यायला.

पुन्हा लाव, म्हणाली.
कुठून?
कोयंडा वाजतो तिथून.